माशी ओळखावी पायांवरून



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, राज्यघटना झाली, शेअरबाजारसुद्धा झाला. माशी बहुधा पहिल्यांदाच येते आहे. मी फोनवर विषय सांगितला तेव्हा संयोजकांनी आधी घसा खाकरला आणि मग अतिशय सौजन्याने विचारलं, "म्हणजे मधमाशी का?" नाही म्हटलं, साधी माशी. मधमाशीवर बोलायला सगळेच तयार असतात.

आपल्याकडे माशीच्या वाट्याला चांगलं काही आलेलं नाही. ती शिंकली की काम फिसकटतं. मक्षिकास्थाने मक्षिका करणारा कारकून तर पिढ्यान्‌पिढ्या बदनाम आहे. मूळ कागदावर मेलेली माशी चिकटली होती म्हणून त्याने नकलेवरही माशी मारून चिकटवली. माझी त्याच्याविरुद्धची तक्रार थोडी निराळी आहे. मूळची माशी कोणत्या जातीची होती, हे त्याने पाहिलं नसणार.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी ते पाहिलं असतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही झुरळाची आकृती पुस्तकातून उतरवून काढली की बाई फक्त एवढंच विचारायच्या, "पावलाचे सांधे किती?" पुस्तकातल्या आकृतीत ते नीट दिसत नसत. मग मुकाट्याने भिंग घेऊन ट्रेकडे वळावं लागे. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचाच विस्तार आहे.

मी बोलणार आहे दक्षिण इंग्लंडमधल्या मार्च-एप्रिलबद्दल. पोटापाण्यासाठी तिथे राहिलो आणि हा नाद लागला. ब्रिटनमध्ये दोन पंखांच्या कीटकांच्या, म्हणजे माश्या, डास, चिलटं यांच्या, सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात नवख्याने शिरावं कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे : वसंताच्या सुरुवातीला. उन्हाळ्यात माश्यांची गर्दी उसळते आणि डोकं चक्रावतं. मार्चमध्ये मोजक्याच बाहेर असतात आणि त्या कुठे भेटतील हेही ठरलेलं असतं. आपल्या वाळुंजाचे तिकडचे भाऊबंद पानं फुटण्याआधीच पिवळ्या परागांच्या लोंब्यांनी भरून जातात, ते एक ठिकाण. दुसरं म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली, उन्हात तापलेली भिंत. गार हवेत माशी अंग शेकत एका जागी बसते. तिला निरखायला यापेक्षा चांगली वेळ वर्षभरात मिळत नाही.

अशा भिंतीवर हमखास दिसणाऱ्या दोन माश्यांपासून सुरुवात करू. दोघी इरिस्टॅलिस या एकाच प्रजातीतल्या. एक इरिस्टॅलिस टेनॅक्स, दुसरी इरिस्टॅलिस पर्टिनॅक्स. आकाराने मधमाशीएवढ्या, रंगाने तपकिरी, पोटावर नारिंगी डाग आणि चालही मधमाशीसारखी. पहिलीचं वर्णन लिनिअसने 1758 साली केलं, दुसरीचं स्कोपोलीने 1763 साली. मधली पाच वर्षं दुसरीला नाव नव्हतं. ती पहिलीच्याच नावावर खपली असेल तर नवल नाही. अजूनही खपते.

नवखा माणूस आधी पोटाकडे बघतो. डाग केवढा, नारिंगी किती, पट्टे कसे. तिथेच तो फसतो. टेनॅक्सचा रंग तिच्या कोषाने काय हवामान भोगलं यावर ठरतो. कोष गारठ्यात राहिला तर माशी जवळजवळ काळी निघते, उबेत राहिला तर नारिंगी डाग मोठे होतात. एकाच आईची मुलं अशी निरनिराळ्या रंगांची निघतात. रंगावरून जात ठरवायला गेलो तर आपण माशी ओळखत नसतो, गेल्या महिन्यातली थंडी ओळखत असतो.

म्हणून नजर खाली न्यायची. पुढच्या पायांची पावलं पाहायची. पर्टिनॅक्सची पुढची आणि मधली पावलं फिकट पिवळी असतात, टेनॅक्सची पुढची पावलं काळपट. पाऊल म्हणजे पायाचा अगदी शेवटचा, सांध्यासांध्यांचा भाग. त्याच्यावर नडगी, नडगीच्या वर मांडी. पाय असा तीन तुकड्यांत बघायची सवय लागली की अर्धं काम झालं. मात्र एक खोड ध्यानात ठेवा. वाळुंजाच्या लोंबीवरून नुकत्याच उठलेल्या माशीचे पाय परागाने माखलेले असतात आणि काळं पाऊलही पिवळं दिसतं. अशा वेळी थांबायचं. माशी स्वच्छतेची भोक्ती आहे, घटकाभरात पायावर पाय घासून ती पराग झाडून टाकते. मग खरा रंग दिसतो.

पावलावर समाधान झालं नाही तर डोळे पाहा. टेनॅक्सच्या डोळ्यांवर बारीक केस असतात आणि ते दोन उभ्या पट्ट्यांत गडद व दाट होतात. भिंगातून पाहिलं तर डोळ्यावर वरून खाली काजळाचे दोन फराटे ओढल्यासारखे वाटतात. ब्रिटनमधल्या इरिस्टॅलिसच्या इतर कुठल्याही जातीला ते नाहीत. शिवाय तिच्या मागच्या पायाची नडगी जाड आणि बाकदार असते, चेहऱ्यावरून रुंद काळी पट्टी उतरते. पर्टिनॅक्सच्या नराचं पोट मागे निमुळतं होत जातं. यांपैकी दोन खुणा जुळल्या की नाव लिहायला हरकत नाही. एकाच खुणेवर मी नाव लिहीत नाही.

"लिहून मिळवायचं काय?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. या दोघींचा हिवाळा निरनिराळा असतो. टेनॅक्सचे नर शरद सरता सरता मरून जातात. माद्या गाभण होऊन गुहांत, वळचणींत, जुन्या इमारतींच्या फटींत हिवाळा काढतात. त्यामुळे फेब्रुवारीत चार तास ऊन पडलं तरी टेनॅक्स भिंतीवर हजर होते. ती आजची नाही, गेल्या वर्षीची म्हातारी आहे. पर्टिनॅक्स हिवाळा काढते अळीच्या रूपात, चिखलपाण्यात. मार्चमध्ये ती दिसते तेव्हा अगदी ताजी असते. तिचे नर झुडपाशेजारच्या एखाद्या मोकळ्या जागेत हवेत तरंगत ठाण मांडतात आणि दुसरं काहीही उडत आलं की त्याच्यावर झेपावतात. पावलाच्या रंगावरून आपल्याला कळलं काय, तर ही माशी मागच्या ऋतूतून उरलेली आहे की या ऋतूत जन्मलेली.

दोघींच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात. शेणाचं पाणी, तुंबलेलं गटार, कुजक्या पानांचं डबकं, काहीही चालतं. मागे लांबच लांब श्वासनळी असते. अळी तळाशी चरते आणि नळी दुर्बिणीसारखी एकातून एक सरकवत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचवते. इंग्रज तिला उंदराच्या शेपटीची अळी म्हणतात. दिसायला किळसवाणी खरी, पण या अळीने युरोपाच्या इतिहासात मोठा गोंधळ घातला आहे असं एका माणसाचं म्हणणं होतं. कार्ल रॉबर्ट ओस्टेन-साकेन हा रशियाच्या परराष्ट्र सेवेतला सरदार, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत होता आणि माश्यांचा गाढा अभ्यासक होता. प्राचीन रोमन आणि ग्रीक लोक मानत की बैलाच्या कुजक्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात. व्हर्जिलने शेतीवरच्या आपल्या काव्यात त्याची कृतीच दिली आहे. बायबलमधल्या सॅमसनलाही मेलेल्या सिंहाच्या देहात मधमाश्या सापडतात. 1894 साली ओस्टेन-साकेनने पुस्तक लिहून मांडलं की त्या मधमाश्या नव्हत्याच, टेनॅक्स होत्या. कलेवराच्या सडक्या द्रवात अळ्या वाढल्या, माश्या उडाल्या आणि बघणाऱ्यांनी मधमाश्या म्हणून नोंद केली. पंख दोन की चार एवढं मोजलं असतं तरी भागलं असतं. इंग्लंडमधल्या गोल्डन सिरपच्या हिरव्या-सोनेरी डब्यावर तो मेलेला सिंह आणि त्याच्याभोवतीच्या मधमाश्या शंभराहून अधिक वर्षं छापल्या गेल्या. तो डबा दुकानात दिसला की मला ओस्टेन-साकेनची आठवण होते.

आता माझा मुद्दा. मधमाशीसारखं दिसणं हे या माश्यांचं सोंग आहे. मधमाशीला नांगी असते, पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. माशीला नांगी नाही, म्हणून तिने मधमाशीचं रूप उचललं. हे सोंग उभं असतं रंगावर, केसाळपणावर, आकारावर, म्हणजे पक्ष्याला दुरून जे दिसतं त्यावर. आणि सोंगाचा भाग बदलता असतो. वसंताच्या उत्तरार्धात डॅफोडिलच्या वाफ्यांवर मेरोडॉन इक्वेस्ट्रिस नावाची माशी येते, तिची अळी कंद पोखरते. ती भुंग्यांची नक्कल करते आणि तीही एका भुंग्याची नाही. एकाच जातीत कुणी पूर्ण पिवळसर, कुणी काळी आणि शेपटाला पांढरी, कुणी पट्टेदार. केसांचा रंग पाहून तुम्ही तिच्या चार जाती कराल. पण सगळ्यांच्या मागच्या मांडीला टोकाशी त्रिकोणी उंचवटा असतो. तिथे कुणी पक्षी बघत नाही, म्हणून तिथे सोंगही नाही. सारख्या दिसणाऱ्या माश्या वेगळ्या करायच्या तर सोंग जिथे पोचलेलं नाही तिथे बघायचं : पाऊल, मांडी, पंखातली शीर, डोळ्यावरचे केस, गाल. बघणाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण असण्यापेक्षा ती कुठे टेकते हे अधिक महत्त्वाचं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

याला एक अपवाद आहे, तिथे केसांचा रंगही कामी येतो, आणि तो माझ्या सगळ्यांत आवडत्या माशीचा आहे. बॉम्बिलिअस. तिकडे बी-फ्लाय म्हणतात. मार्चच्या मध्यावर, प्रिमरोज फुलायला लागल्यावर ती येते. केसाळ गोळा, समोर सरळ रोखलेली लांब सोंड, बारीक पाय लोंबकळत सोडलेले. फुलासमोर हवेत तरंगत राहते, पुढचे पाय जेमतेम पाकळीला टेकवते आणि सोंड आत घालते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, ही चावणार म्हणून. ती कुणालाच चावत नाही.

ब्रिटनमध्ये बॉम्बिलिअसच्या चार जाती आहेत. वसंताच्या सुरुवातीला दिसणाऱ्या दोन : मेजर आणि डिस्कलर. मेजरच्या पंखाची पुढची कड गडद तपकिरी असते. हा काठ मागच्या बाजूला नागमोडी पण स्पष्ट तुटतो आणि पुढे पंख काचेसारखा. डिस्कलरच्या पंखावर ठिपके विखुरलेले असतात आणि ते शिरा जिथे एकमेकींना मिळतात तिथे पडतात. कागदावर सोपं वाटतं. अडचण अशी की पंख दिसतच नाहीत. तरंगणाऱ्या माशीचे पंख म्हणजे नुसता करडा धूर, आणि त्यात काठ काय नि ठिपके काय. तिने जमिनीवर किंवा वाळक्या पानावर बसायची वाट पाहावी लागते. बसली की पंख अर्धवट पसरून ठेवते आणि नकाशा उघडल्यासारखं सगळं दिसतं. बसलीच नाही तर शेपटाकडचे केस पाहा : डिस्कलरच्या पोटाच्या मागच्या भागावर काळे केस असतात आणि मादीच्या पाठीवर मधोमध पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. उडतानाही हे कधीकधी टिपता येतं. पण मी एकदा तरी पंख पाहिल्याशिवाय वहीत नाव घालत नाही.

ही गोंडस माशी जगते दुसऱ्याच्या पोरांवर. मातीत बिळं करणाऱ्या एकांड्या मधमाश्या, मुख्यतः अँड्रीना, मार्चमध्ये पायवाटेच्या कडेला उघड्या जमिनीत घरं खणतात. बॉम्बिलिअसची मादी आधी जमिनीवर टेकून पोटाचं टोक धुळीत घासते. तिथे एक पिशवीवजा पोकळी असते, ती वाळूच्या कणांनी भरून घेते. मग बिळासमोर तरंगत, पोटाला झटका देत, वाळूत घोळलेलं एकेक अंडं बिळाच्या दिशेने फेकते. बिळात शिरत नाही, शिरली तर मार खाईल. वाळूमुळे अंड्याला वजन येत असावं. निघालेली अळी आधी चपळ असते, आतल्या कोठडीपर्यंत सरकत जाते. मधमाशीची अळी पोसून मोठी झाली की हिचं रूप पालटतं आणि आळशी, गुबगुबीत होऊन ती यजमान अळीला बाहेरून शोषून संपवते. हे सगळं घडतं त्या प्रिमरोजपासून चार पावलांवर.

डिस्कलर इंग्लंडच्या आणि वेल्सच्या दक्षिण भागात आढळते, मेजर दूरवर पसरलेली आहे. मग उत्तरेत बी-फ्लाय दिसली की पंख न पाहताच मेजर लिहायचा मोह होतो. बहुतेकदा ते बरोबरही ठरेल. पण एखादी जात उत्तरेकडे सरकू लागली तर ते कळणार कसं? सगळेच जागा पाहून नाव लिहितील तर नकाशा कधीच बदलणार नाही. 2016 सालापासून तिकडे दर वसंतात सामान्य लोकांकडून बी-फ्लायच्या नोंदी मागवल्या जातात. फोटोसकट नोंदीला तिथे मान आहे, आणि फोटोत पंख दिसला तर अधिकच. शाळकरी मुलं, बागकाम करणाऱ्या आजीबाई असे कुणीही त्यात भर घालतात. हौशी माणसाने करायचं काम हेच आहे असं मला वाटतं.

आता थोडं अप्रिय. मार्चच्या उन्हात कॅलिफोरा, म्हणजे मोठ्या निळ्या माश्याही बाहेर पडतात. मांसावर अंडी घालणाऱ्या. त्यांतल्या दोन, व्हिसिना आणि व्होमिटोरिया, वरून निळ्याच. फरक गालात. व्हिसिनाचा गाल नारिंगी आणि त्यावर काळे केस. व्होमिटोरियाचा गाल काळा आणि त्यावर नारिंगी दाढी. नेमकं उलटं. दोघींच्या अळ्या एकाच वेगाने वाढत नाहीत आणि तिथे हा गालाचा प्रश्न न्यायालयात जातो.

1935 सालच्या सप्टेंबरच्या 29 तारखेला स्कॉटलंडमध्ये मोफॅटजवळच्या एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. त्यांवर अळ्या होत्या. ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्या कॅलिफोराच्या, आज आपण जिला व्हिसिना म्हणतो तिच्या, असं ओळखलं आणि त्यांचं वय बारा ते चौदा दिवस सांगितलं. म्हणजे तुकडे तिथे निदान तेवढे दिवस होते. बाकी पुराव्याशी ते जुळलं. आरोपी लँकेस्टरचा डॉक्टर, बक रक्स्टन. मृत स्त्रिया म्हणजे त्याची बायको म्हणून राहणारी स्त्री आणि घरकाम करणारी मुलगी. हा रक्स्टन मूळचा मुंबईचा पारशी, बुख्त्यार हकीम. वैद्यकीचं शिक्षणही मुंबई विद्यापीठातलं. 12 मे 1936 रोजी मँचेस्टरमध्ये त्याला फाशी झाली. गुन्हा सिद्ध झाला तो बोटांचे ठसे, कवटीवर बसवून पाहिलेले फोटो अशा कितीतरी गोष्टींनी, अळी त्यातली एक. पण अळीवरून वय काढायचं तर आधी जात बरोबर लागावी लागते, आणि अळीला तर गालही नसतो. तिची ओळख तोंडातल्या आकड्यांवरून आणि श्वासछिद्रांवरून पटवावी लागते.

मग सगळ्याच माश्या अशा ओळखता येतात का? नाही. पोलेनियाचं उदाहरण घ्या. हिवाळ्यात माळ्यावर, चर्चच्या मनोऱ्यात झुंडीने दडून बसणारी, छातीवर कुरळे सोनेरी केस असलेली सुस्त माशी. मार्चमध्ये ती बाहेर येऊन भिंतीवर बसते. गांडुळांवर वाढणारी. कित्येक दशकं युरोपात जवळपास प्रत्येकीला पोलेनिया रुडिस म्हणून टाकत. विसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेच्या क्नूट रोग्नेस यांनी पंखांच्या मुळाशी, पायांवरच्या केसांत आणि नरांच्या जननेंद्रियांत डोकावून दाखवलं की या एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या. जुन्या वह्यांतलं रुडिस हे नाव त्या दिवशी निरुपयोगी झालं. पण ज्यांनी माशी टाचणीला टोचून, तारीख आणि गाव लिहून पेटीत ठेवली होती त्यांची नोंद वाचली. पेटी उघडून पुन्हा पाहता आलं. भिंतीवरच्या पोलेनियाचा मी फोटो काढतो तेव्हा खाली फक्त 'पोलेनिया' एवढंच लिहितो. पुढे काही लिहीत नाही. आमच्या माश्या पाहणाऱ्यांच्या गटातल्या काही उत्साही मंडळींना हे कमीपणाचं वाटतं, फोन लगेच नाव सुचवतो ना, ते म्हणतात. फोन सुचवतो खरा. त्याला पंखाचं मूळ दाखवलेलंच नसतं.

आपल्याकडचं काय, हे तुम्ही विचारणार. एनरिको ब्रुनेटी हा कलकत्त्यात राहणारा संगीतकार. पेशा वाद्यांचा, वेड माश्यांचं. फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेत माश्यांचे खंड त्याने 1912, 1920 आणि 1923 साली लिहिले. शेवटच्यात होव्हरफ्लाय, म्हणजे टेनॅक्ससारख्या हवेत तरंगणाऱ्या माश्या, आहेत. आजही इथल्या माशीपाशी अडलो की शंभर वर्षांपूर्वीचा तोच खंड उघडावा लागतो. ब्रिटनमध्ये 1983 साली स्टब्ज आणि फॉक यांचं होव्हरफ्लायवरचं चित्रांसकट पुस्तक आलं आणि साधा माणूसही कामाला लागला. तिथे होव्हरफ्लायच्या आज सुमारे 280 जाती माहीत आहेत, एका पुस्तकात मावतील एवढ्याच. तसं पुस्तक महाराष्ट्रासाठी, मराठीत, माझ्या पाहण्यात नाही.

तोवर सुरुवात करायला अडचण नाही. थंडी सरताना कोथिंबीर बियांना सोडलेला वाफा बघा. पांढऱ्या फुलांवर बारीक कमरेच्या, पोटावर काळे-नारिंगी दुहेरी पट्टे असलेल्या माश्या तरंगत असतात. त्यांतली एपिसिर्फस बाल्टिएटस इंग्लंडमध्येही आहे आणि आपल्याकडेही. तिची अळी मावा खाते, शेतकऱ्याची मैत्रीण. जवळच डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असलेली इरिस्टॅलिनस भेटेल, टेनॅक्सची चुलत बहीण. मोबाइलने फोटो काढा, पण पाठीचा एकच काढून थांबू नका. चेहरा समोरून, पाय बाजूने आणि पसरलेला पंख, असे तिन्ही घ्या.

बाहेर दाराजवळच्या फळ्यावर मी आठ फोटो मोठे करून लावले आहेत. चार टेनॅक्सचे आणि चार पर्टिनॅक्सचे, मुद्दाम सरमिसळ करून. त्यांतल्या दोघींचे पाय परागाने माखलेले आहेत. नावं फोटोंच्या मागे लिहिली आहेत. चहा घेताना बघा, आधी कागदावर आपलं उत्तर लिहा, मगच फोटो उलटा. एका फोटोत पाय पानाआड गेले आहेत, तिथे डोळे बघावे लागतील.